न सांगता ओळखणारी मशीन

मेडशीला बाजाराच्या दिवशी तपासणीची गाडी आली आणि आई तिच्यात चढली.

आई भाजी पिकवायची आणि बाजारात बसून स्वतः विकायची. मी शाळेत शिकवते; त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तिच्याजवळ बसले होते. गाडीवरचा भोंगा सकाळपासून ओरडत होता : कृत्रिम बुद्धिमत्तेची मशीन, हात न लावता छातीचा कॅन्सर ओळखणार, डॉक्टरच्या आधी, तुम्हाला कळायच्याही आधी.

"माह्या बुढ्याच्या डोक्यात काय हाये, थे सांगते का वं?" शेजारी मिरच्या विकणाऱ्या बाईने विचारलं.

"काही असन तं सांगन," म्हणत आई उठली.

गाडीत फोटो काढण्याआधी तिथल्या मुलीने विचारलं, "गाठ, दुखणं, काही आहे का?"

"काही नाही," आई म्हणाली.

पडद्यावर हिरवा रंग आला. धोका कमी, असं मुलीने सांगितलं.

पुढे टोपली डोक्यावर चढवताना आईचा हात वर जाईना. अकोल्याला दवाखान्यात चल, असं मी रोज म्हणायचे. "मशीननं पाह्यलं ना मले," एवढंच तिचं उत्तर. शेवटी नेलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी गाठ कधीपासूनची, ते विचारलं.

"तुरी फुलात होत्या तवाची."

गाडी आली तेव्हा तुरी काढून झाल्या होत्या.

"मंग तिथं काहून नाही सांगतलं वं?" मी विचारलं.

"मी सांगतलं तं मशीननं काय ओयखलं?"

आमच्याकडे नाडी पाहणाऱ्याला कोणी दुखणं सांगत नाही. मनगट धरून त्यानेच सांगायचं. नाही सांगता आलं, तर माणूस उठून दुसरीकडे जातो. आईने मशीनला तसंच पारखलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशी मशीन फोटोबरोबर तुमची उत्तरंही हिशेबात धरते. भोंग्याने हे सांगितलं नव्हतं. तोवर दुखणं हाडांत उतरलं होतं.

आई कोणावर चिडली नाही. खाटेवर पडल्या पडल्या एकदा म्हणाली, "ओयखनारी होती, तं इचारलं कायले?"

गाडी अजून गावोगाव फिरते. आमच्या वाफ्यांत आता शेजारचे लोक पालक लावतात. मी शाळेतून घरी येते. घरात मी एकटी आहे.