चिंचेपासून शाळेपर्यंत

शेवटच्या भेटीत अक्कानं मला एकच गोष्ट विचारली आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. बिदरच्या दवाखान्यात तिला खिडकीजवळची खाट मिळाली होती. कावीळ उतरत नव्हती, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पण बोलणं नेहमीचंच. डॉक्टरांच्या अक्षराला तिनं पस्तीस मार्क दिले होते, वरच्या वर्गात ढकलण्यापुरते. मी निघायला उठलो तेव्हा तिनं माझी बाही धरली. "दिग्या, खांब किती व्हते रे?" "कसले खांब?" मी म्हणालो... तिनं बाही सोडली आणि हसली. "कसलेबी न्हाईत. जा, गाडी चुकंल तुझी." चौथ्या दिवशी गुलबर्ग्याला आमच्या ऑफिसात फोन आला. फोन खाली ठेवताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता उत्तर कुणाला द्यायचं? लिहायला लाज वाटते, पण रडू त्यानंतर आलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमित्रा. संतपूरच्या शाळेत ती मुलींना गणित शिकवायची. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर "येळ मिळाला न्हाई" म्हणायची आणि खरोखरच घाईत असल्यासारखी सायकलवर बसून निघून जायची. शेतातल्या विहिरीत आमच्या वडिलांनी, आप्पांनी, आम्हा दोघांना पोहायला शिकवलं, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. माझा भोपळा दोन उन्हाळे सुटला नाही. अक्कानं तिसऱ्याच दिवशी स्वतःचा सोडला आणि माझ्याकडे ढकलून दिला. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की ती काष्टा मारून विहिरीत उतरायची आणि मधोमध उताणी पडून राहायची. मी पायरीवर बसून पाहायचो. हिरवं पाणी, त्यावर उन्हाचे हलणारे तुकडे, भिंतीतल्या पारव्यांचं घुमणं, आणि ती डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी... "काय बघायलीस ग?" मी विचारायचो. "आभाळ. हितून गोल दिसतंय." मग मीही वर पाहायचो, पण पायरीवरून ते तसं गोल दिसत नसे. ते पाहायला पाण्यातच पडावं लागतं, असं ती म्हणायची.

चाळिशी उलटल्यावर हिच्या डोक्यात शर्यतीचं खूळ शिरलं ते किराणा दुकानातल्या शेंगदाण्यांच्या पुडीमुळे. पुडीचा कागद कुठल्या तरी इंग्रजी मासिकाचा होता. त्यावर एकाच बाईची तीन चित्रं होती: समुद्रात पोहताना, सायकलवर, आणि पळताना. खालच्या दोन ओळींवरून एवढं कळत होतं, की हे तिन्ही एकाच दिवशी, एकामागून एक करायचं असतं आणि कुणीही हौशी माणूस ते करू शकतो. किती लांब पोहायचं, किती पळायचं, तो मजकूर मात्र दुकानदारानं फाडलेल्या अर्ध्या भागात गेला होता. अक्का दुसऱ्या दिवशी उरलेला कागद मागायला गेली तर त्यात कुणाची तरी मोहरी गेलेली. दुसरं कुणी असतं तर नाद सोडला असता. अक्कानं अंतरं स्वतःच ठरवली. विहिरीत दीडशे फेऱ्या, मग सायकलनं बिदरच्या किल्ल्याच्या दरवाजाला हात लावून परत, मग पळत औरादला जाऊन परत शाळेच्या फाटकापर्यंत. दोन वर्षं तिनं सराव केला. पहाटे विहीर, संध्याकाळी औरादचा रस्ता. आई कपाळाला हात लावायची, आणि तरी दुधाचा पेला भरून ठेवायची.

एक अट मात्र तिनं वर्गात मुलींसमोर फळ्यावर लिहून टाकली: सूर्य उगवताना सुरू, सूर्य मावळायच्या आत संपलं पाहिजे. "मावळल्यावर पोचले तर टाळ्या वाजवायच्या न्हाईत," असं तिनं त्यांना बजावलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, शर्यत कुणासंगट?" अक्का म्हणाली, "एक अख्खा दिवस मला माझा पायजे. त्याच्यासंगट."

शिवरात्रीनंतरचा तो रविवार. मी रजा काढून आलो होतो. पहाटे तिनं शाळेच्या फाटकासमोर फक्कीनं पांढरी रेघ ओढली. खेळाच्या मैदानावर ओढतात तशी, तिच्या अक्षरासारखी सरळ. मग आम्ही शेतात गेलो. फेऱ्या मोजायचं काम माझं. दीडशे चिंचोके एका वाटीत, फेरी झाली की एक दुसऱ्या वाटीत टाकायचा. ऊन पायऱ्यांवरून हळूहळू खाली उतरत होतं, पाण्याचा एकसारखा चुबुक चुबुक आवाज येत होता, आणि मला आपण पुन्हा सात वर्षांचे आहोत असं वाटायला लागलं. पण मोजण्यात मी एका चिंचोक्याचीही लबाडी केली नाही. हे मुद्दाम सांगतो आहे.

बिदरच्या रस्त्यावर मी तिच्या मागे भाड्याच्या सायकलवर होतो, कॅरिअरला भाकरी, गूळ आणि पाण्याचा कॅन बांधून. म्हणजे निम्मी शर्यत माझीही झाली, तिचं कुणी कौतुक केलं नाही ही गोष्ट वेगळी. वाटेत एक बस हळू झाली. कंडक्टरनं दारातून वाकून कन्नडमध्ये, कुठं निघालात, जागा आहे, या, अशी हाक दिली, "यल्लिगि अक्का? सीट खाली अद, बर्री!" अक्का हसून म्हणाली, "बिदरला. तुमी व्हा म्होरं." तो बिचारा बराच वेळ मागे वळून पाहत होता. लाल मातीतून रस्ता वर चढत गेला, वारा पाठीशी आला, आणि तिचा पदर कमरेला खोचलेला असूनही एक टोक सुटून फडफडत राहिलं. तिला थांबवून ते खोच म्हणावं असं मला वाटलं नाही. एवढं सुखी मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

गडबड झाली ती पळताना. दुपार कलली होती, दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली. सुटलेले केस, कपाळावर घाम, काष्ट्यातलं लुगडं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट अशी एक बाई औरादकडे पळते आहे, हे पाहून शेतातल्या बायकांनी आपापसांत ठरवूनच टाकलं की हिचा नवस आहे. पहिल्याच मळ्यापाशी एक म्हातारी कळशी घेऊन आडवी आली. "थांब ग माय, पाय धू दे." अक्का म्हणाली, "नवस न्हाई मावशी, शर्यत हाय." "कुणासंगट?" "कुणासंगट न्हाई." "मंग नवसच की!" असं म्हणून म्हातारीनं तिच्या बुटांवर कळशी ओतली, कुंकू लावलं आणि पाया पडली. पुढच्या मळ्यात तेच. त्याच्या पुढं तेच. बातमी आमच्या आधी धावत होती. औरादच्या अलीकडे तर पाचजणी ओळीनं उभ्या होत्या, एकीच्या हातात नारळ. मी चिडून म्हणालो, "कामून थांबायलीस अक्का? जा की तशीच." ती धापा टाकत म्हणाली, "कुणाला न्हाई म्हणायचं, दिग्या? काम सोडून आल्यात बिचाऱ्या."

ओल्या बुटांनी तिच्या पायांची सालटी काढली. परतीच्या वाटेवर तिनं बूट काढून माझ्या कॅरिअरला अडकवले आणि अनवाणी लंगडत पळायला लागली, मग नुसती लंगडत चालायला. सूर्य उजव्या हाताला उतरत होता. ज्वारीच्या धाटांतून तो तांबडा गोळा आमच्या बरोबरीनं चालल्यासारखा दिसायचा... तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही, मी मात्र सारखा पाहत होतो. गावाची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा मला खात्री पटली, की ही वेळेत पोचत नाही.

"म्होरं जाऊन बघून येतो," म्हणून मी सायकल हाणली. फाटकापाशी आई खुर्चीवर ताट घेऊन बसलेली, चाळीसेक मुली ओळीनं उभ्या. शाळेच्या व्हरांड्यात फक्कीची पिशवी तशीच होती. मी ती उचलली, फाटकासमोरची रेघ चपलेनं पुसली, आणि सगळ्यांना घेऊन औरादच्या बाजूला असलेल्या मोठ्या चिंचेपाशी आलो. बाई दमल्यात, हितंच थांबू, एवढंच म्हणालो. बाईंच्या भावाला कोण काय विचारणार? चिंचेखाली मी नवी रेघ ओढली. वाकडी आली. चिंचेपासून शाळेपर्यंत रस्त्याच्या कडेनं विजेचे अकरा खांब होते. तेवढे मी तिला माफ केले, असं त्या क्षणी मला वाटलं. फार मोठं काम केलं असंही वाटलं.

अक्का आली. रेघेपाशी येऊन ती थबकली, एक पाय उचललेला. आधी रेघेकडे पाहिलं, मग दूर फाटकाकडे, मग माझ्याकडे. मुली टाळ्या वाजवत होत्या, आईनं ताट उचललं होतं. अक्कानं पाय पुढं टाकला. आईनं ओवाळलं, मुलींनी गराडा घातला. त्यातून ती मला हळूच म्हणाली, "रेघ कुणी वढली?" मी म्हणालो, "सकाळचीच हाय की तुझी." ती गराड्यातून बाहेर पडली. चिंचेच्या बुंध्याला टेकून बसली आणि पश्चिमेकडे पाहत राहिली. मीही पाहिलं. आणि सूर्य खाली जायला मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. तो तिथेच, धाटांच्या टोकावर, टेकून राहिल्यासारखा... त्या वेळात ती कदाचित पोचलीही असती. लंगडत, रांगत, कशीही. पोचली असती की नाही, हे आता कधीच कळणार नाही, आणि ते कळू दिलं नाही ते मी.

पंचायतीनं तिचा सत्कार ठरवला. तिनं शाल घेतली नाही. "जरा राह्यलंय," म्हणाली. लोकांना वाटलं, केवढी नम्र बाई! पुढं कुणीही कौतुक करायला लागलं की हेच: जरा राह्यलंय. मी समोर असलो तर खाली पाहायचो. पुढल्या साली पुन्हा करायचं तिच्या मनात होतं, पण आईनं अंथरूण धरलं, ते तीन वर्षं सुटलं नाही, आणि नंतर अक्काचे गुडघे बोलायला लागले. सहा वर्षांत ती मला एका शब्दानं त्याबद्दल बोलली नाही. मीही नाही. दिवाळीला यायचो, तिच्या हातची शेंगाचटणी डब्यात भरून न्यायचो आणि बसमध्ये बसल्यावर ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगून टाकू. सांगायला काय लागतं? चार शब्द. तेवढे माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

तेराव्याला तिच्या शाळेतल्या कमलबाई आल्या होत्या. निघताना ओट्याला टेकवलेल्या अक्काच्या सायकलवर हात ठेवून म्हणाल्या, "बाईंचं एक कळलं न्हाई बघा कधी. घरून सायकलवर यायच्या आन् चिंचेपाशी उतरायच्या. तिथून फाटकापस्तोर चालत. रोज. पाऊस असू द्या, उशीर झालेला असू द्या. विचारलं तर म्हणायच्या, पाय मोकळे व्हतात."

सहा वर्षं, रोज. तिला आकडा ठाऊक होता. दवाखान्यात तिला तो माझ्या तोंडून ऐकायचा होता, बस्स. मला मोकळं करायचं होतं तिला, आणि मी विचारलं, कसले खांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळेला मी तिची सायकल घेऊन निघालो. चिंचेपाशी उतरलो. खाली वाळलेल्या चिंचा पडल्या होत्या, रेघेचा अर्थातच मागमूस नव्हता. मी सायकल हातात धरून चालायला लागलो. तिचं चाक जरासं घासत होतं, तेवढाच आवाज. पहिला खांब, दुसरा... मधल्या एका खांबावर पारवे बसले होते. रस्ता मला वाटत होता तेवढा लांब नव्हताच. मुली माझ्या बाजूनं पळत पुढं गेल्या, घंटा झाली. फाटकापाशी पोचलो तेव्हा कमलबाई उभ्या होत्या. मी सायकल फाटकाला टेकवली, जिथं ती रोज टेकवायची तिथं. दांड्यानं घासून रंग उडाला होता, त्यावरून जागा कळली.

"काय झालं दिगूअण्णा?" कमलबाईंनी विचारलं.

"अकरा खांब हायत," मी म्हणालो. "अक्काचे मी खाल्ले व्हते."