फितूर झालेली सात काजं

माझ्या मावशीने आयुष्यभर एकच काम केलं. कोट कापायचे एकाने, शिवायचे दुसऱ्याने, नाव व्हायचं दुकानाचं. मावशीकडे यायचं ते फक्त बटण जिथून जातं तेवढं भोक. त्याला भोक म्हटलेलं मात्र तिला खपायचं नाही. "भोक उंदीर पाडतो, मी काज करते," असं ती समोरच्याला सुनावायची. अख्खी गल्ली तिला काजमावशी म्हणायची.

मग काजांची मशिनं आली आणि पन्नास वर्षांचं काम महिनाभरात बंद पडलं. उरली तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकी उघडली की समोर भिंत. दुपारचं जेवण म्हणजे चहात भिजवलेला पाव, रात्रीचं म्हणजे उरलेला पाव. मी दर रविवारी चार सफरचंदं घेऊन जायची. "ठेव तिथे," ती म्हणायची. मी ठेवायची आणि मोठं पुण्य पदरात पडल्यासारखी घरी यायची.

तिच्या शेजारणीला चोरीचा माल ठेवल्याबद्दल नऊ महिन्यांची शिक्षा झाली होती. जाताना बाई काडी होती. परत आली ती गाल वर आलेली, आणि तोंडात नवी कोरी कवळी.

"तुरुंगातच बसवून दिली," ती दातांवर नख वाजवत म्हणाली. "दोन वेळा गरम जेवण. डॉक्टर दर आठवड्याला."

"आणि ऊन?" मावशीने विचारलं.

"सकाळभर असतं की अंगणात."

मावशीने तीन दिवस विचार केला. कुणापुढे हात पसरणं तिला जमलं नसतं, पण शिक्षा भोगायला तिची हरकत नव्हती. मंगळवारी भर दुपारी ती चौकातल्या कोटांच्या मोठ्या दुकानात गेली, दारापाशी टांगलेला करड्या लोकरीचा कोट उचलला आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून सावकाश चालत निघाली. कुणी ढुंकून बघितलं नाही. दारावरच्या माणसाने तर दार उघडून धरलं.

शेवटी ती स्वतःच पोलीस चौकीत गेली. "मी चोरी केली आहे, मला आत टाका," तिने हवालदारांना सांगितलं.

"साहेब जेवायला गेलेत. बाकावर बसा, आजी," हवालदार म्हणाले. त्यांनी दुकानदाराला बोलावणं पाठवलं आणि मला फोन केला.

साहेबांचं जेवण तीन तास चाललं आणि तिथेच मावशीचा घात झाला. कोट मांडीवर होता आणि त्याला सात काजं होती. मशीनची. टाके विरळ, कडेचे दोरे सुटलेले. तिने आधी दुसरीकडे बघितलं. मग पुन्हा तिकडे बघितलं. मग पिशवीतून सुईदोरा काढला. मी धापा टाकत पोहोचले तेव्हा ती सातव्या काजाचा शेवटचा टाका घालत होती.

साहेब आले, पाठोपाठ दुकानदार आला. त्याने कोट उलटासुलटा केला, काजांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"लेबल आमचंच आहे, पण हा आत्ताचा माल नाही. असली काजं आमच्या वडिलांच्या वेळी व्हायची. आजी, हा तुमच्या मिस्टरांचा असेल."

"मिटलं तर मग," साहेब म्हणाले. "आजी, घरी जा."

मावशीचा नुसता जळफळाट झाला. "काय मिटलं? मी चोर आहे! ती काजं मी आत्ता केलीत, इथे बसून!"

कुणालाच खरं वाटेना. तेव्हा तिने दुकानदाराच्या अंगातला कोट उतरवून घेतला आणि स्वतःचा गुन्हा शाबीत करायला भर चौकीत एक काज करून दाखवलं. वीस मिनिटं लागली. हवालदार चहा प्यायचे विसरले.

दुकानदाराने ते काज उजेडात धरलं. "माझी तक्रार नाही, साहेब. आजी, उद्यापासून दुकानात कामाला या."

मला वाटलं, ती आता रडणार. पण ती बोटांवर मोजायला लागली.

"तुरुंगात दोन वेळा गरम जेवण आहे. डॉक्टर आहे. सकाळचं ऊन आहे. आणि कवळी आहे. पगार वेगळा. यातलं एक जरी कमी देणार असाल, तर मी आत जाते. तुमचे कोट दारापाशीच टांगलेले असतात."

दुकानदार हसला. मावशी हसली नाही. साहेबांनी तक्रारीचा कोरा कागद पुढे सरकवला. "आजींचं रास्त आहे. लिहून द्या."

दुकानदाराने लिहिलं, साहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि काजमावशीने कागद घडी घालून पिशवीत टाकला. मी मात्र 'कवळी' या शब्दापाशीच अडकले होते. दोन वर्षं मी दात नसलेल्या बाईला सफरचंदं नेऊन देत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हक्काचं मागायला एका कसबी बाईला तुरुंगाचा दाखला द्यावा लागला, याचा मला आजही संताप येतो.

आता ती दुकानाच्या पूर्वेकडच्या खिडकीत बसते. हातकाजांचे कोट घ्यायला लोक लांबून येतात, आणि एखाद्याने तिथे 'भोक' म्हटलं तर त्याला कोट मिळत नाही.

दोन महिने लाजेने तोंड न दाखवता मग मी तिच्याकडे गेले ती शहाणपणा करून केळी घेऊन. एव्हाना मला अक्कल आली होती. मावशीने पिशवीत डोकावून बघितलं.

"केळी? माझे काय दात पडलेत?"

मी तशीच उलट पावली तीन जिने उतरले आणि सफरचंद घेऊन आले. तिने ते पदराला पुसलं आणि माझ्याकडे बघत बघत कचकन चावलं.