खोक्यावर बारा, बल्बवर नऊ

उमरखेडच्या एका ठोक व्यापाऱ्याने मला फसवलं, आणि त्याचे बल्ब विकून मी ढाणकीच्या बाजारात माझ्या गिऱ्हाइकांना फसवलं. पहिलं मी एखाद्या वेळी विसरलो असतो. दुसरं विसरणार नाही.

मी आठवडी बाजारात पाल टाकून घरगुती सामान विकतो. गाळण्या, कुलपं, चिमटे, बल्ब. सुरुवात डोक्यावरच्या टोपलीपासून केली, आज स्वतःची गाडी आहे. माल घेताना मी ठोकवाल्याचं डोकं उठवतो, पण माझ्या पालात भाव एकच. त्यामुळे तांड्यावरच्या बाया, ज्या कोथिंबिरीच्या जुडीसाठीही भांडतात, त्या माझ्याशी घासाघीस करत नाहीत. त्यांतली एक बाई मला भिया म्हणते. त्यांच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. ती म्हणायची, "भिया, आमच्या वाट्याचं तू उमरखेडलेच भांडून आला ना? मग मी कायले भांडू?" पिशवी उघडून पुढे धरायची. ही माझी खरी कमाई.

यंदा सोयाबीन निघायच्या सुमारास मी त्या व्यापाऱ्याकडे बल्ब घ्यायला गेलो. बारा वॅटचा माल नऊ वॅटच्या भावात मागितला. त्याने नाही म्हटलं, मी उठलो. त्याने चहा मागवला, मी बसलो. पुन्हा नाही, पुन्हा उठलो. शेवटी त्याने हात जोडले.

"घ्या शेठ, तुम्ही जिंकले! तुमच्यासमोर आपलं काय चालते?"

त्याने होल्डरला एक बल्ब लावून दाखवला. पेटला. मी खोकी पाहिली, सगळ्यांवर ठसठशीत बारा. भर दुपारच्या उन्हात, उघड्या दुकानात पेटलेला बल्ब किती उजेड देतो हे देवालाही कळणार नाही. मी जिंकलो होतो ना, म्हणून खोक्यातला बल्ब फिरवून पाहिला नाही.

पुढच्या बाजाराला ती बाई आली. पालात गर्दी होती. तिने सामानावर खोकं ठेवलं, शेजारी बल्ब ठेवला.

"भिया, वाच."

खोक्यावर बारा. बल्बच्या पांढऱ्या गळ्यावर बारीक अक्षरांत नऊ.

"चुलीवर लावला. भाकर कच्ची राह्यली का करपली, हात लावून पाहा लागते. सून म्हणते, तुमच्या भावानं काजवा देल्ला."

लोक हसले. मी लगेच दुसऱ्या कंपनीचा बल्ब दिला. तिने तो पिशवीत टाकला. मग एक गाळणी उचलली आणि भाव विचारला. मी सांगितला.

"कमी कर," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघीही मग हातातल्या कुलपांचा भाव पाडायला लागल्या. मी भाव कमी केला की नाही ते सोडा. त्या दिवसापासून माझा पाल बाकीच्या पालांसारखाच एक पाल झाला.

बल्ब किती वीज खातो ते आकड्यात दाखवणारं मीटर मी विकत घेतलं आणि उमरखेड गाठलं. त्याच्याच काउंटरवर त्याचा बल्ब मीटरला लावला. खोक्यावर बारा, गळ्यावर नऊ, मीटरवर सात.

"शेठ, बारा म्हणजे उजेडाचा आकडा राह्यते," तो म्हणाला.

तेवढ्यात एक दुकानदार आला. त्याने तेच बल्ब मागितले आणि सांगितला तो भाव दिला. नोकराने आतल्या थप्पीतून खोकी आणली. तीच खोकी, तेच चित्र. मी एक हिसकावलं, उघडलं. गळ्यावर बारा. मीटरला लावला, बाराच्या आसपास.

"हे काय हाये?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

तो थोडाही लाजला नाही. "ज्याले भाव पाह्यजे त्याले भाव देतो, ज्याले वॅट पाह्यजे त्याले वॅट. तुम्ही भावासाठीच भांडले, वॅटसाठी कुठं?"

म्हणजे भांडणाऱ्यांसाठी त्याने वेगळी थप्पीच लावून ठेवली होती. माझं भांडण तो आधीच विकत घेऊन बसला होता.

आता माझ्या पालात एक फळी आहे. तिच्यावर होल्डर, मीटर, त्याचं खोकं आणि त्याचा बल्ब. शेजारच्या चहावाल्याकडून वायर ओढली आहे. जो येईल त्याला मी तिन्ही आकडे वाचायला लावतो. व्यापाऱ्याचं नाव घेत नाही. पण खोकी त्याच्याकडचीच असतात हे ढाणकीतल्या सगळ्या दुकानदारांना माहीत आहे, आणि आता माल टाकायला येणाऱ्या त्याच्या माणसासमोरच ते खोकी फोडतात.

परवा त्याचा फोन आला.

"काहून बदनामी करून राह्यले भाऊ? सगळा माल बदलून देतो, फळी काढा."

"तुमचं नाव घेतलं का मी?"

"मंग काय पाह्यजे तुम्हाले?"

बदललेला माल मला नको. त्याने बाजाराच्या दिवशी ढाणकीला यावं. माझ्या पालात, त्या फळीसमोर उभं राहावं. ती बाई येईल, तिच्या हातात मी ते खोकं देईन. मग सातच्या बल्बच्या खोक्यावर बारा कोणी छापले, आणि ते माहीत असूनही तो बल्ब माझ्या हातून तिच्या चुलीपर्यंत कोणी पाठवला, याचं उत्तर त्याने तिच्या तोंडावर द्यावं. मला नको, तिला द्यावं. तोवर फळी निघणार नाही.