लाल गिटार कुठल्या गावची?

गिटारची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही जरा सरसावून बसला असाल. आता हिरो गिटार घेऊन बागेत जाणार, कुणीतरी गॅलरीत येणार, ओढणी उडणार. तसलं काही नाही. ह्या गोष्टीत पोरगी नाही, बाग नाही, आणि गिटार वाजते तीही शेवटी दोनच मिनिटं. पुढं जपान येतंय, पण मी जपानला गेलेलो नाही. तेव्हा मी आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याच्या पुढंसुद्धा गेलो नव्हतो. ह्या गोष्टीत आहेत चार स्क्रू. आवडत नसेल तर आत्ताच उठा. मधेच उठलात तर मी तुमच्या उठण्याची नक्कल करीन.

नक्कल हेच माझं काम होतं. मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोनदा तसाच उठलो, म्हणून ऑर्केस्ट्रात शिरलो. गायक पाणी प्यायला गेला की स्टेजवर उभं राहून लोकांना हसवायचं. मी मालगाडीचं इंजिन काढायचो, भांडणाऱ्या कोंबड्या काढायचो, शाळेतले झाडून सगळे मास्तर काढायचो. आणि गाण्याच्या आधी रेडिओवर बोलतात तसा आवाज लावून वाजवणाऱ्यांची ओळख करून द्यायचो. टीव्ही सोलापुरात अजून यायचा होता, त्यामुळं रेडिओच्या आवाजाला लई वजन. त्या काळी ऑर्केस्ट्रात कुणीच साध्या गावचं नसायचं. आमचा तबलजी शेजारच्या गल्लीतला, पण स्टेजवर बनारसचा. बोंगोवाल्याला मी रोज आफ्रिकेतून आणायचो. पब्लिकला खरं काय ते माहीत असायचं. तरी पाव्हणा लांबचा असल्याशिवाय ते टाळी द्यायचे नाहीत.

गिटारवाला आमचा अण्णा. विणकराच्या घरातला, घरात तेलुगू, बाहेर मराठी, गाताना जे सुचेल ते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून सगळे त्याला अण्णाच म्हणायचे. त्याची गिटार लालभडक, विजेवर चालणारी, छातीवर रेडिओसारखी बटणं. मंगळवारच्या जुन्या बाजारात एका माणसानं स्टोव्ह, फुटका रेडिओ आणि ही असं मांडलेलं. तारा नाहीत, नाव नाही. वरच्या टोकाला नावाची पट्टी होती तिथं नुसती दोन भोकं. अण्णानं आपली सायकल त्या माणसाला दिली आणि गिटार घेऊन चालत घरी आला. पुढं दोन वर्षं तो चालतच होता. पावती कसली मागताय, जुन्या बाजारात पावती मागितली तर माणूस हसतो.

एवढी बटणं म्हणजे गिटार अमेरिकेचीच, असं आमचं सगळ्यांचं ठरलं. का, ते कुणी विचारलं नाही. मी मग माइकवर रोज ओरडायचो, "सातासमुद्रापलीकडून, थेट अमेरिकेहून आलेली, सोलापुरातली एकमेव गिटार!" अण्णा लाजून खाली बघायचा आणि जोरात तार छेडायचा.

त्या वर्षीच्या गणपतीत हे असंच ओरडलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच्या दारात पुण्याचा एक पाव्हणा उभा. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा, चेहरा मात्र रडवेला. मी तिथंच चहा पीत होतो.

"तुमच्या कार्यक्रमात ऐकलं," तो म्हणाला. "अमेरिकन गिटार. लाल. माझी अशीच होती हो. माझ्या थोरल्या भावानं अमेरिकेहून पाठवली होती, तिथल्याच कारखान्यात बनलेली. तीन वर्षांपूर्वी रेल्वेत चोरीला गेली, सोलापूर यायच्या जरा आधी."

अण्णाच्या हातातली बशी थांबली. "ही मी बाजारातून घेतली हो."

"कुणाकडून?"

"माणसाकडून."

"पावती?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी बशीकडं बघितलं.

पाव्हणा वाईट नव्हता. तो गिटार हिसकावायला आला नव्हता. नावाची पट्टी नसल्यानं नुसतं बघून ओळखता येत नव्हतं, पण त्याची खात्री पटलेली होती, आणि ती मीच माइकवरून पटवली होती. तो म्हणाला, "मी दोन वाजता हवालदारांना घेऊन येतो. चारची गाडी आहे माझी. माझी असेल तर नेईन. नसेल तर माफी मागीन."

तो गेला. अण्णा खाटेवर बसला, गिटार मांडीवर. त्या दिवशी मागांना सुट्टी होती, त्यामुळं घरात कधी नसते एवढी शांतता.

"सायकल पण गेली, आता ही पण जाणार," तो म्हणाला. "आणि चोर म्हणतील ते वेगळंच. तू काय ते अमेरिका अमेरिका लावलं होतं रे?"

"अण्णा, ती अमेरिकेची नसेल तर?"

"मग कुठली? पंढरपूरची?"

मी गिटार उलटी केली. दांडी पोटाला जिथं जोडतात तिथं पाठीमागं लोखंडाची एक पट्टी, आणि पट्टीत चार स्क्रू. आपल्याकडं तेव्हा सगळे स्क्रू एका चिरेचे. ह्याला फुली. "हे उघडून आत बघू. आत काहीतरी लिहिलेलं असंल."

"दोन वर्षं बघतोय मी. कुठलाच पेचकस धरत नाही. फुलीवाला आणला तो पण घसरतो."

मी स्क्रू डोळ्याजवळ नेला. फुलीच्या शेजारी सुईनं टोचल्यासारखं एक बारकं टिंब. चारही स्क्रूंना. आणि हे टिंब मी जेवताना शंभर वेळा ऐकलेलं होतं.

आमचे तात्या, म्हणजे वडील, गिरणीत फिटर. त्यांच्या खात्यात कधीतरी जपानची मशिनं आली, आणि ती बसवायला एक जपानी साहेब महिनाभर येऊन राहिला. तात्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला ह्यांची. दोघं हातवारे करून बोलायचे. तो तात्यांच्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी खायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा. जाताना त्यानं तात्यांना आपला एक पेचकस दिला. तेव्हापासून तात्या तो फडक्यात गुंडाळून खिशात ठेवायचे. घरात त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आणि घरी कुणी पाव्हणा जेवायला आला की तात्या सांगायचे, "फुलीजवळ टिंब असलं की ह्योच पेचकस. दुसरा लावला की घसरलाच."

आता अडचण अशी, की पेचकस तात्यांच्या खिशात, तात्या गिरणीत, आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की तात्या ताट सरकवून उठायचे. तिथं जाऊन "तात्या, गिटार उघडायला चला" म्हणालो असतो तर त्यांनी मलाच उघडलं असतं.

समोरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. मी अण्णाला म्हणालो, "तू तारा सैल कर. मी आलो."

तात्यांच्या खात्याचे मास्तर, म्हणजे गिरणीतले त्यांचे साहेब, दुधनीकडचे. घरात कन्नड, त्यामुळं मराठीत बोलताना प्रत्येक वाक्याला 'री' लावायचे, आणि दर दोन वाक्यांनी घसा खाकरून खोकायचे. मी त्यांना गिरणीत कामगारांच्या घरच्यांना बोलावतात त्या हळदीकुंकवाला एकदाच ऐकलं होतं, पण मला एकदा पुरतं.

"हॅलो, गेट का री? मी मास्तर बोलतोय." खो खो. "ते जपानी पेचकसवालं फिटर हाय नव्हं, त्याला लगेच पाठवा री. औषधाच्या दुकानासमोर, विणकराच्या घरी. मशीन अडकलंय."

पलीकडं गेटवरचा कारकून आधी 'हो साहेब' म्हणाला. मग म्हणाला, "साहेब, पण तुमी आत्ताच आत गेला की."

"मागच्या दारानं बाहेर आलो री!" म्हणालो, जोरात खोकलो आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासानं तात्या सायकलवरून आले. खाकी कपडे, डोक्यापासून भुवयांपर्यंत कापसाची पांढरी लव. दारात मला बघितलं. मी भिंतीला पाठ लावून उभा.

"कुटं हाय मशीन?"

मी खाटेवर बोट दाखवलं. तात्यांनी गिटार बघितली, मला बघितलं, परत गिटार बघितली. मी डोळे मिटून घेतले. पण आवाज झाला तो अण्णाचा. त्यानं तात्यांचे पायच धरले आणि सकाळपासूनचं सगळं सांगून टाकलं, निम्मं तेलुगूत.

तात्या खाटेवर बसले. गिटार मांडीवर पालथी घेतली. स्क्रूवर अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा लांबच्या गावचा कुणी ओळखीचा स्टँडवर भेटावा.

"आरं," ते म्हणाले. "ही तर जपानची की!"

तेवढ्यात पुण्याचा पाव्हणा आणि हवालदार आत आले. तात्यांनी मान वर न करता परत तेच सांगितलं.

पाव्हणा म्हणाला, "टिंब बघून देश सांगता?"

"तुमी बोली ऐकून मानूस कुटला ते सांगता नव्हं? तसंच हाय."

"पण पक्कं कशावरून?"

"उगडू की."

अण्णा घाबरला. "तात्या, उघडल्यावर परत वाजलीच नाही तर? उद्या कार्यक्रम आहे."

"ही न्हाय उगडली तर उद्या तुज्याकडं असनारच न्हाय," तात्या म्हणाले आणि फडकं सोडलं.

पेचकस स्क्रूत असा बसला, की अण्णाच्या तोंडून आपोआप "अय्यो" आलं. एक, दोन, तीन. चौथा जरा कुरकुरला. हवालदारानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढं वाकला. तात्यांनी दांडी हळूच उचलली. खाली, जोडाच्या खाचेत, कागदाची एक घडी होती. दांडी जरा वर उचलून धरायला कुणीतरी पाचर म्हणून सरकवलेली. तात्यांनी ती नखानं सोडवून उलगडली. वर्तमानपत्राचा तुकडा, पिवळा पडलेला, आणि त्यावर उभ्या ओळीत उतरलेली, घरांच्या चौकटींसारखी अक्षरं.

"मशिनीच्या खोक्यांत असलेच पेपर कोंबलेले होते," तात्या म्हणाले. "आमी त्यांत डबे बांदत होतो."

पाव्हण्यानं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्याला अजून पटायचं होतं. मग हवालदारालाच दिसलं. लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूला, बारक्या इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं. त्यानं एकेक अक्षर लावून वाचलं, "जे... ए... पी... जपान!" आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हंजे आता तक्रार जपानवर करायची का? ते कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं?"

कुणी हसायच्या आधी पाव्हणा खाली बसला. चष्मा काढला. डोळे पुसले, आणि मग स्वतःच हसला. "माझी मिळाली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. अण्णानं त्याला पाणी दिलं, मग चहा, मग अण्णाच्या आईनं आतून चकल्या. माफी त्यानं खरंच मागितली, हात जोडून.

तात्या दांडी बसवायला लागले तसा अण्णा ओरडला, "कागद! कागद परत घाला तात्या, नाहीतर तारा घासतील!" तात्यांना तो कागद ठेवून घ्यायचा होता, ते मला दिसत होतं. त्यांनी तो दोनदा वाचल्यासारखा केला, जशी ती भाषा त्यांना येत होती, आणि होता तसा घडी घालून परत सरकवला. तारा लावून झाल्यावर पाव्हण्यानं दोन मिनिटं गिटार वाजवली. ती एवढी छान वाजते हे आम्हाला दोन वर्षांत कळलं नव्हतं. अण्णानं त्याला थांबवून बोटं कशी ठेवली ते विचारून घेतलं. चारच्या गाडीला आम्ही त्याला सोडायला गेलो, तर अण्णा रस्ताभर हवेतच बोटं ठेवत चालला होता.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा तात्या दारातच बसलेले. आई आत भाकऱ्या थापत होती, पण थापण्याचा आवाज बंद झाला, म्हणजे तीही ऐकत होती.

"ये," तात्या म्हणाले. "बस. गेटचा कारकून मला सांगायला आला की मास्तरांचा फोन आलाय. तवा मास्तर कुटं हुते सांग."

"कुठं?"

"माज्या शेजारी! हितं! माज्या खांद्यावर हात ठिवून हुबे! कारकून म्हंतोय मास्तर बाहीरून बोलत्यात, आन मास्तर म्हंत्यात, मी तर हितंच हाय री! समदं खातं बघायला लागलं. मला जमीन फाटून पोटात घ्यावी असं झालं."

माझ्या तोंडून हसू निसटलं. निसटायला नको होतं.

"हसतोस? नोकरी गेली असती लेका! ते मास्तर देवमानूस म्हनून म्हनले, जा बाबा फिटर, बगून ये, मी कुटं आडकलोय ते. दुसरा असता तर तितंच कार्ड काढून घेतलं असतं. आन खोकलास का रं तू फोनवर?"

मी हळूच मान हलवली.

"कारकून म्हनला, अगदी साहेबासारका खोकला. आवाज काड, चालनं काड, मी काय म्हनत न्हाय. पर खोकला न्हाय काडायचा. तो छातीत गेलेल्या कापसाचा हाय. मास्तरचा बी तोच, माजा बी तोच. कळलं?"

"कळलं."

"उद्या सकाळी सातच्या भोंग्याला माज्यासंगं यायचं. मास्तरांच्या म्होरं हुबं ऱ्हायचं आन माफी मागायची. मास्तरांच्या आवाजात न्हाय, रेडिओच्या आवाजात न्हाय, कोंबड्यांच्या न्हाय. सोताच्या आवाजात. हाय का न्हाय तुला सोताचा आवाज? का तोबी कुनाकडनं आनायचा?"