स्वर्गीय नर्तकाचं दर्शन

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि पक्ष्यांच्या मागे लागले. बरं, एकट्यानं लागावं की! तर नाही. उन्हाळा आला की दर रविवारी सागरेश्वरच्या अभयारण्यात माझीही हजेरी. दुर्बीण त्यांच्या गळ्यात, कॅमेरा त्यांच्या खांद्यावर, आणि पाणी, डबा, सतरंजी माझ्याकडे. पक्षी दिसला की हे कुजबुजणार, "दहा वाजता!" मी आपली घड्याळ बघायची. ती फौजेतली दिशा असते म्हणे. ती मला कळेपर्यंत पक्षी ताकारीला पोचलेला असायचा. फुलपाखरू बसलं की हे पोटावर सरपटत निघणार, आणि काटे टोचले की राग माझ्यावर.

मला खरं तर एकच पक्षी बघायचा होता. पांढराशुभ्र, डोकं काळं, शेपटीला दोन लांब फिती. पुस्तकात त्याचं चित्र बघितलं आणि जीवच जडला. नाव स्वर्गीय नर्तक. ह्यांना तो कितीदा तरी दिसला, मला एकदाही नाही. दरवेळी मी डबा सोडत असायची.

यंदा मी बजावलं, "आवं, आज डबा तुमी धरायचा. दुर्बीण माझ्याकडं."

"बरं, बरं," म्हणाले, आणि निघताना भावकीच्या ग्रुपवर रुबाबात टाकलं, 'स्वर्गीय नर्तकाच्या दर्शनाला सहकुटुंब निघालो आहोत.'

पाणवठ्याजवळ दबून बसलो. बहावा पिवळाधमक फुलला होता. आणि आला की हो! समोरच्या पानांतून फितींची टोकं हलताना दिसली. दुर्बीण डोळ्याला लावते न लावते तोच ह्यांच्या खिशात हलगी कडाडली. रिंगटोन मेला!

विट्याचे चुलतदीर होते, कोइमतूरच्या आपल्या सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानातून गळा काढत. "दादा, कवा गेले वं? लय वाईट झालं!"

"आरं, कोण गेलं?"

"ते तुमचे नर्तक!"

गेलाच होता. दुर्बिणीत नुसती फांदी हलत होती. मला रडूच कोसळलं.

ग्रुपवर तोवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा खच पडला होता. एकानं तर लिहिलं होतं, 'फार मनमिळाऊ होते.' श्रद्धांजली वाहायला मयत ओळखीचा लागतो असं आमच्या भावकीत काही नाही.

घरी पोचलो तर शेजारच्या चुलतजाऊबाई दारात उभ्या, हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आणलेला कडू घास. हे घाईघाईनं सांगायला लागले, "वैनी, तसं काय न्हाई, तो पक्षी..."

मी पुढे होऊन गाठोडं घेतलं. "द्या आक्का," म्हटलं, "गेलाय खरंच."

आणि स्वयंपाकघरात एकटीनं बसून सगळं खाल्लं. ह्यांना विचारलंसुद्धा नाही.