अंबाडी फुगते तेव्हा

पीएचडी करताना निष्कर्ष महिनोन्महिने रुसून बसतात. किस्से मात्र न बोलावता येतात. अमरावतीच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही तिघं होतो. वानखडे मॅडम आमच्या गाइड. बाळापूरचा प्रफुल्ल प्रत्यक्ष प्रयोग करायचा, आणि मी, अकोल्याची, त्याच प्रयोगाचं गणित कॉम्प्युटरवर मांडायची.

काम सांगायला सोपं. अंबाडीच्या धाग्यांची चटई साच्यात ठेवायची, पंपानं हवा खेचून तिच्यातून पातळ रेझिन ओढायचं, ते कडक झालं की फळी तयार. पण अशा फळ्यांत नेहमी वापरतात ते काचेचे धागे गुमान पडून राहतात. अंबाडी पिते आणि फुगते. मग मधल्या फटी बुजतात आणि रेझिन अर्ध्या वाटेत अडतं. कुठं अडेल, हे आम्हाला आधीच सांगता यायला हवं होतं.

*

प्रफुल्लनं हे सगळं एकदा घरी आईला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून विचारलं, "मंग फुगल्यावर तू काय करतं?"

"मोजतो."

आईनं गल्लीत सांगितलं, पोरगा फुगण्यावरचा डॉक्टर होऊन राहिला. पुढच्या खेपेला हा घरी गेला, तर शेजारच्या काकू सुजलेला गुडघा घेऊन ओट्यावर बसलेल्या.

*

सुरुवातीच्या चाचण्या आम्ही रेझिनऐवजी रंगवलेल्या साखरेच्या पाकावर केल्या, कारण पाक धुऊन निघतो. एका संध्याकाळी साचा उघडा राहिला. सकाळी आत मुंग्यांची रांग. प्रफुल्ल रडकुंडीला आला. मॅडमनी चष्मा लावून बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "यांनी सगळ्यात मोठ्या फटी शोधल्या. फोटो काढ, मग झटक."

तो फोटो त्याच्या थिसिसमध्ये आहे.

*

एकदा माझा आलेख म्हणे, रेझिन काठापर्यंत पोचणार. प्रफुल्लच्या साच्यात ते मधातच, अर्ध्या वाटेत, थांबलं. तो म्हणाला, कॉम्प्युटर खोटा. मी म्हणाले, तुझा हात खोटा. आमचा अबोला झाला, चहासुद्धा वेगवेगळा.

मॅडमनी दोघांना समोर बसवलं. धागा किती जाड धरला, असं मला विचारलं. कोरडा होता तेवढा, मी म्हणाले. प्रफुल्लनं भिजल्यावर मोजला होता.

"हिनं लग्नाआधीचा नवरा मोजला, यानं नंतरचा," मॅडम म्हणाल्या. "दोघांचंही बरोबर, मंग भांडून कावून राहिले?"

मग मी जाडी वेळेनुसार वाढती धरली. हळूहळू दोन्ही आलेख जवळ आले.

*

आणि तो दिवस. नव्या गणितावरची पहिली मोठी फळी ओतायची होती. प्रफुल्लनं रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर मिसळलं आणि घरून फोन आला, की चांदूर रेल्वेची मुलगी तिच्या मामांसोबत अमरावतीला आलीय, आजच पाहून घे. हार्डनर पडलं की रेझिन कोणासाठी थांबत नाही. मॅडम म्हणाल्या, त्यांनाच इकडे बोलाव.

मुलगी आली. प्रफुल्लच्या हातात रबरी मोजे, कपाळावर घाम. नाव विचारायचंही त्याला सुचेना. साच्याच्या पारदर्शक झाकणाखाली रेझिनची कड सरकत होती. तीच वाकून म्हणाली, "हे मधात हळू कावून झालं?"

तिथून प्रफुल्ल जो सुरू झाला! धागे, फटी, फुगणं, सगळं. मामा घड्याळ पाहत होते. मी मनात म्हटलं, झालं, मोडलं.

तेवढ्यात लाइट गेली. पंप बंद. हवा उलटी आत शिरली असती तर सगळं काम फुकट. "नळी दाबा!" प्रफुल्ल ओरडला. पंपाकडून साच्यात येणाऱ्या नळीजवळ तीच होती. तिनं दोन्ही हातांनी नळी दुमडून घट्ट धरली. पंखा नाही, मे महिना, बोटं पांढरी पडलेली. मॅडम तिला पदरानं वारा घालत होत्या. प्रफुल्ल झाकणाकडे पाहत होता, आणि मधूनमधून तिच्याकडे.

लाइट आली, पंप घरघरला. मामांनी रुमालानं मान पुसली. "चाल बाई, गाडीची वेळ झाली. पोरगा कसा वाटला ते घरी सांगजो."

तिनं झाकणावरची नजर काढली नाही.

"तुमी व्हा पुढं, मामा. मले हे काठापर्यंत गेलेलं पाहाचं हाय."