रॉड की रीळ

मासा गळाला लागला की तांडेलकाका त्याची माफी मागायचे. त्याच्या तोंडातला गळ अलगद काढायचे आणि ओंजळीतून पाण्यात सोडताना म्हणायचे, "जा रे बाबा. घराक जावन सांग, तांडेलान सोडल्यान." नॉटिंगहॅमला ट्रेंट नदीच्या काठावर आजूबाजूला बसलेले गोरे म्हातारे ही कसली तरी प्रार्थना समजून माना डोलवायचे.

काका मूळचे मालवणकडचे. बोटीवर इंजिनात कामाला होते, एका हिवाळ्यात इथे उतरले आणि पुढचा जन्म बसच्या गॅरेजमध्ये काढला. पहिल्याच वर्षी त्यांनी ट्रेंटमध्ये हातभर लांबीचा ब्रीम मासा धरला आणि कॅरियर बॅगेत घालून घरी निघाले. नदीवर देखरेख करणाऱ्या बेलीफने अडवलं. इथे असला मासा धरायचा तो परत सोडण्यासाठी, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. काकांनी बेलीफलाच जेवायला बोलावलं. त्याने वळवळणारा मासा पाण्यात टाकायला लावला. घरी काकूंचं ओल्या खोबऱ्याचं वाटप तयार होतं, त्यात शेवटी बटाटे पडले. "धरूचो आणि सोडूचो, ह्यां खंयचां शहाणपण?" असं ते आयुष्यभर म्हणत राहिले, आणि दर रविवारी नदीवर जातही राहिले.

मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पार थकलो होतो. व्हिसाची टांगती तलवार, पहाटेपासून पुण्याच्या टीमचे कॉल, काळोखात जाणं आणि काळोखातच परत येणं. एकदा मी कचऱ्याचा बिन बाहेर काढत असताना काकांनी मला नीट न्याहाळलं. "खंय धावतस रे एवढो? चल माझ्यावांगडा गरवूक." गळ टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. काकू तोवर गेल्या होत्या. दोन वर्षं आम्ही दोघे काठावर बसलो. काका फारसं बोलायचे नाहीत. दुसऱ्याच्या न बोलण्याचा एवढा आधार असतो, हे मला तिथे कळलं.

बोलले तर मात्र ठासून. नवशिके रॉडला चकचकीत, महागडं रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायची चक्री, लावून आले की काका नाक मुरडायचे. "रिळाचां काम दोन मिनटांचां. रॉड दिसभर हातात ऱ्हवता." लग्नाबद्दलही त्यांचं मत याच धर्तीचं होतं. "बँडबाजो बघू नये. रोज चाय कोण करता तां बघूचां." त्यांचा स्वतःचा रॉड मात्र जुना, मुसळासारखा जड. चांगला घेऊ, पुढच्या वर्षी घेऊ, करत राहून गेला होता.

गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना स्ट्रोक आला. जीव वाचला, वाचाही वाचली, उजव्या हातातली ताकद गेली. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत इथल्या नद्यांवर गरवायला बंदी असते. काकांनी कॅलेंडरवर सोळा जूनला खूण केली आणि फिजिओने दिलेला रबरी चेंडू दाबत बसले. "तोवर हात आयलो तर आयलो. नायतर संपला," म्हणाले. त्यांचं सगळं त्या एका तारखेवर येऊन ठेपलं होतं.

त्यांची मुलगी मीरा ग्लासगोला असते. तिने त्यांच्या वाढदिवसाला मासेमारीच्या दुकानाचं व्हाउचर पाठवलं आणि मला फोन केला. "दादा, प्लीज तू बाबासोबत जा ना. तो एकटा गेला तर काहीच घेणार नाही. जे बेस्ट आहे ते घे." त्या व्हाउचरमध्ये एक तर रॉड चांगला येत होता, नाहीतर रीळ. वर मी पैसे घातलेले काकांना चालणार नव्हते, आणि दोन्ही मध्यम घ्यायलाही ते तयार नव्हते.

दुकानात आमचं वाजलं.

"काका, लॉजिकली बघा. तुमचं जुनं रीळ मध्येच अडकतं. मोठा मासा लागला आणि हँडल जॅम झालं तर या हाताने कसे ओढणार? रीळ स्मूथच हवं. मी रात्रंदिवस रिव्ह्यू वाचलेत."

काकांनी एक हलका रॉड उचलला होता. आधी डाव्या हातात, मग उजव्या. तसेच बराच वेळ उभे राहिले. "ह्यो बरो आसा," म्हणाले. मी पुन्हा मोठ्या माशाची भीती घातली. आजारी माणूस वाद घालून घालून किती घालणार? त्यांनी रॉड जागेवर ठेवला. "तू शिकललो माणूस. घे तुका व्हया तां." मी जिंकलो. घरी येताना मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं.

सोळा जूनला सकाळी आम्ही काठावर पोचलो. नवं रीळ जुन्या रॉडला बसवलं, गळ मी टाकला आणि रॉड त्यांच्या हातात दिला. चार-पाच मिनिटं गेली. मग रॉडचं टोक खाली यायला लागलं आणि पाण्याला टेकलं. त्यांनी डाव्या हाताचा आधार दिला. आणखी दोन मिनिटं. मग रॉड माझ्याकडे दिला.

"स्टँडवर ठेवू या ना, काका."

"मगे स्टँडाकच शिकय गरवूक."

"बरं, मी धरतो. मासा लागला की रीळ तुम्ही फिरवा. एकदम स्मूथ आहे."

काका नदीकडे बघत होते. "माका मासो नको होतो रे. मासो मी सोडतंयच मां? माका नुसतो रॉड धरून बसाक व्हया होतां."

मी सगळा विचार केला तो माशाचा. त्यांनी मागितले होते ते मासा न लागणारे तास, जे दोन वर्षं त्यांनी मला फुकट दिले होते. त्या दिवशी दुपारपर्यंत मी रॉड धरून बसलो आणि ते शेजारी रिकाम्या हातांनी बसले. त्यानंतर ते नदीवर आले नाहीत. ऑक्टोबरमध्ये गेले.

रीळ मीराने मलाच दिलं. ते अजून खोक्यात आहे. गेल्या महिन्यात मी त्या दुकानात जाऊन तो हलका रॉड घेतला. दर रविवारी घेऊन बसतो. दिवसभर धरला तरी हात भरून येत नाही, आणि त्याचाच मला फार राग येतो.